पायाळू डॉक्टरीण

सुचिता पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून ती डोक्याने नव्हे, पायांनी बाहेर आली होती. जगात येण्याच्या एवढ्याशा उलट्या रीतीने माणसाचं पुढचं आयुष्य किती वाकडं होऊ शकतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने साखरखेर्ड्याच्या बाजारात तिच्या दवाखान्यासमोर जरा वेळ उभं राहावं. दारावर ठळक पाटी होती, 'फिजिओथेरपी : मान, पाठ, कंबर, गुडघे'. बाहेरच्या बाकावर माणसं मावत नव्हती आणि त्यातलं एकही माणूस ती पाटी वाचून आलेलं नव्हतं.

आपल्याकडे कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. पालथं पडायचं, पायाळूने उजव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा, की झालं. उसण उतरते म्हणतात. आता उसण तशीही चार दिवसांत आपल्या पायांनीच जाते, पण श्रेय मात्र दुसऱ्याच्या पायाला मिळतं.

सुचिताला हे पुरतं ठाऊक होतं. संभाजीनगरला राहून ती रीतसर शिकली होती. माणसाच्या शरीरात कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. पण विचारणार कोण? सुरुवातीचे कित्येक महिने दवाखान्यात माशी फिरकत नव्हती. चुकून कोणी आलंच, आणि तिने व्यायाम सांगितला, की उत्तर ठरलेलं. "व्यायाम तं आमी वावरात रोजच करतो बाई. गोळी-इंजेक्शन काही हाये का?" शेजारीच तिच्या नवऱ्याचं, गजेंद्रचं कृषी केंद्र होतं. तो अधूनमधून डोकावून "आलं का कोणी?" असं विचारायचा. पुढे पुढे त्याने विचारणंच सोडलं, आणि ते तिला जास्त लागलं.

एका बाजाराच्या दिवशी तिची आई, वच्छलाबाई, भेटायला आली. पोरीचा रिकामा बाक त्या माउलीला पाहवेना. बाजारात बांगड्यांच्या दुकानापाशी चार बाया उभ्या होत्या, तिथे जाऊन ती म्हणाली, "माही पोरगी नुसती डाक्टरीण नाही वो. पायाळू हाये पायाळू!"

झालं. संध्याकाळपर्यंत बाक भरला.

पहिल्या दिवशी सुचिता सगळ्यांवर कडाडली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा टेबलावर पालथा पडला तो उठेचना. "पाय नाही लावत तं मंग मी आलो कायले?" म्हणाला. वैतागून तिने एकदाचा अंगठा टेकवला. आणि नवल असं, की त्याच म्हाताऱ्याने तिने सांगितलेला व्यायाम मन लावून केला, कारण तो आता डॉक्टरणीचा राहिला नव्हता, पायाळूने सांगितलेला होता. पंधरवड्यात तो ताठ चालू लागला. सुचिता फसली ती इथे. लेकराला कडू गोळी गुळातून देतात तसं हे, अशी तिने मनाची समजूत घातली. गोळी खरी आहे ना, मग गूळ असेना का! एवढं सगळं रास्त होतं, तर तिने टेबलाभोवती जाड हिरवा पडदा का लावून घेतला, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. पाय लावताना ती पडदा नीट ओढून घ्यायची, व्यायाम शिकवताना उघडा ठेवायची. लाज कुठे आहे हे तिच्या हातांना बरोबर कळत होतं.

आणि ही लाज ज्या एका माणसासमोर उघडी पडायला नको होती, तोच माणूस एके दिवशी पडदा सारून आत आला.

धम्मरत्न सर तिला शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणण्यापेक्षा, त्यांनी तिला वाचवलं होतं. लहानपणी माहेरच्या गावी कोणीही आखडलं, की "वच्छलाबाई, पोरीले धाडा जराशीक" असा निरोप यायचा, आणि शाळेच्या वेळेत ही एवढीशी पोर लोकांच्या ओसरीवर त्यांच्या पाठीवर पाय ठेवत फिरायची. तिकडे आभाळ गडगडलं, की हीच माणसं तिला जवळ उभी राहू देत नसत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. म्हणजे पाय हवा होता, पोर नको होती. एकदा हजेरीला सुचिता नाही हे पाहून सर तडक उठले. पाटलांच्या ओसरीवर पोचले आणि पालथ्या पडलेल्या पाटलांसमोर म्हणाले, "लेकराच्या पायानं कंबर बरी झाली असती, तं सरकारनं दवाखाने कायले बांधले असते?" पाटलांना असं बोलणं त्या काळी सोपं नव्हतं, त्यातून सर बौद्धवाड्यातले. पुढे वर्षभर गावाने त्यांना त्याचा हिशेब बरोबर दाखवला. पण सुचिता शाळेत बसू लागली, ती थेट संभाजीनगरपर्यंत पोचली.

हल्ली साखरखेर्ड्यातच राहणाऱ्या त्या सरांना अपघात झाला. अपघात म्हणावा इतका मोठा तो नव्हता. मेहकरहून काळीपिवळीत मागच्या सीटवर बसून येत असताना रस्त्यात बकरी आडवी आली, गाडी थांबली, आणि मागून येणारी पिकअप धडकली. रक्ताचा थेंब नाही की खरचटणं नाही. सरांचं डोकं फक्त जोरात मागे गेलं आणि तितक्याच जोरात पुढे आलं. सगळे हसत खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सरांना मान वळवता येईना. जनकाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या दवाखान्यात जा. सर म्हणाले, "आपल्या सुचिताकडं जातो. तिच्याहून चांगलं मानेतलं कोणाले समजते?"

असल्या गोष्टी सरांसमोर कोणी काढत नसे, त्यामुळे अंगठ्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. बाहेर बाकावर बसूनही ते हेच सांगत होते. "ही माही विद्यार्थिनी बरं का." बाकावरची माणसं म्हणाली, "सर, तुमी कायले थांबता? तुमी जा आतमधी." आणि सर उठले.

आत टेबलावर अंबूबाई पालथी पडलेली होती. सुचिता भिंतीचा आधार धरून एका पायावर उभी होती, आणि दुसऱ्या पायाचा अंगठा अंबूबाईच्या कंबरेवर होता. पडद्याच्या कड्या खळखळल्या. सुचिताने मान वर केली.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. कोणाला अंघोळ करताना चुकून पाहावं तसे ते ओशाळले, त्यांची नजर खाली गेली, आणि "माफ कर" एवढंच म्हणून त्यांनी पडदा स्वतःच्या हाताने पुन्हा ओढून घेतला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुचिताला झालं. तिचा पाय अजून अंबूबाईच्या कंबरेवरच होता. "अजून दोन डाव राह्यले बाई," खालून अंबूबाई म्हणाली.

मग सरांची पाळी आली. सुचिताने त्यांना तपासलं, पण ते तपासणं नव्हतंच. तिला त्यांच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं. तिने मान कुठे दुखते ते दाबून पाहिलं, इकडे किती वळते, तिकडे किती वळते, ते भराभरा उरकलं. "हाताला मुंग्या येतात का?" हे तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

खरं तर असा झटका बसलेल्या माणसाच्या दोन्ही हातांची पकड पाहायची असते. कोपरापाशी हातोडीने ठोकून पाहायचं असतं. बोटांना टाचणी टोचून कुठे बधिर आहे का ते पाहायचं असतं. त्यासाठी सरांचे हात आपल्या हातांत धरावे लागले असते, आणि ते तिच्याने होईना. माणूस लवकर समोरून जावा म्हणून तिने मऊ पट्टा गळ्याला बांधून दिला, एक्स-रे काढून घ्या म्हणाली, आणि जाड उशी घेऊ नका असंही म्हणाली.

"बरं, डॉक्टर," सर म्हणाले.

आजवर सरांनी तिला सुचिताशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ते 'डॉक्टर' तिला तोंडात मारल्यासारखं लागलं. सर बाहेर गेले तेव्हा बाकावरच्या एकाने विचारलं, "काऊन सर, लावला का पाय?" सर काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. ऐकायची तिची हिंमतही नव्हती.

दुपारी जनकाबाई दवाखान्यात आल्या. घाबऱ्या झालेल्या होत्या.

"सुचिता, तुनं यायले काय म्हटलं वो? घरी आले तवापासून धड बोलत नाही. आन् मगाशी चहा देला तं कप हातातून खाली. डाव्या हाताची बोटं भेंडल्यावानी बधिर झाली म्हणतात."

सुचिता चटकन वळली. "कधीपासून?"

"सकायपासूनच म्हणे. तुले नाही सांगितलं का?"

"नाही."

"मंग आता कुठं नेऊ यायले? हे तं म्हणतात, उद्या सकायी लोणारले जातो. तिथं मंगल कार्यालयात शिबिर हाये म्हणे, कायरोप्रॅक्टिकचं. मोबाइलवर दाखवतात ना, डोकं धरून मान कट्टकन फिरवतात, तसं. यायनं नंबर बी लावून ठेवला."

सुचिताला धोका लगेच कळला. मान नुसती आखडलेली असेल आणि शिकलेल्या हाताने आधी नीट तपासून ती फिरवली, तर कोणाला आराम पडतही असेल. पण गाडीचा झटका बसलेली मान, त्यात हाताची बोटं बधिर, आणि आत मणक्यात काय झालं आहे याचा एकही फोटो नाही. अशा मानेला कट्टकन झटका बसला तर हात कायमचा जाऊ शकतो. हातच काय, माणूस जन्मभर खाटेवर पडू शकतो. आणि सर तिथे का निघाले होते, ते तिला सांगायला नको होतं. सरांना मंत्र-अंगारा चालणारा नव्हता. त्यांना शास्त्र हवं होतं. ते शोधत ते सगळ्यात आधी तिच्याकडे आले, आणि इथे त्यांना अंगठा दिसला. मग नाव जड, माणूस बाहेरचा, तपासायला म्हणे यंत्र, तर तेच शास्त्र असणार! साऱ्या बाकावर हा एकच माणूस असा होता, ज्याला तिच्या गोळीवर गूळ नको होता. नेमकी त्याचीच गोळी तिने नासवली होती.

तिने कडक पट्टा आणि तपासणीचं सामान उचललं, दवाखाना तसाच उघडा टाकला, गजेंद्रला गाडी काढायला लावली आणि जनकाबाईंना बसवून सरांचं घर गाठलं.

सरांच्या अंगणात पाच-सहा माणसं जमलेली होती. शेजारची अंबूबाईही होती, सकाळीच पाय लावून घेतल्यामुळे टवटवीत. सुचिताला पाहताच तिचा चेहरा खुलला. "आली माय! मी म्हणतच होती, पायाळू सोता चालून येईन. लाव बाई सरइले पाय, आन् कर मोकळं."

सर दारात खुर्चीवर बसले होते. मान ताठ, डावा हात मांडीवर पडलेला. त्यांनी अंबूबाईकडे पाहिलं नाही आणि सुचिताकडेही पाहिलं नाही.

"सर, तुमी लोणारले जाऊ नका," सुचिता म्हणाली.

"काऊन?"

"आधी एमआरआय पायजे. मान कोणाच्याच हातात द्याची नाही. आजच जालन्याले चला."

"सकाळी तं तू एक्स-रे म्हणत होती."

"चुकलं माझं. मी तुमचे हात पाह्यलेच नाही. तुमी मुंग्या येतात म्हणून सांगितलं काऊन नाही सर?"

 सर हळू आवाजात म्हणाले, "सांगाव कोणाले? तिथं डॉक्टरीण बसली होती का पायाळू, मले समजलंच नाही."

 सुचिताचे कान तापले. पळून जावं, गाडीत बसावं आणि पुन्हा या माणसाचं तोंड पाहू नये, असं तिला वाटलं. पण त्या मांडीवर पडलेल्या हाताकडे तिची नजर गेली. सरांनी आपलं ऐकायला हवं असेल, तर त्यांच्या एकट्याच्या कानात माफी मागून भागणार नव्हतं. पाप बाकभर माणसांच्या साक्षीने झालं होतं.

"या पायात काही नाही," ती मोठ्याने म्हणाली.  "अंबूमावशी, तुमी बी आयका. माझ्या पायात काही म्हणजे काही नाही. तुमची कंबर व्यायामानं बरी झाली. लोक त्याच्याबिगर येत नव्हते म्हणून मी पाय लावत गेली. मी खोटं वागली. मले सगळं समजत होतं, आन् तरी मी लावत गेली. सर, तुमी माझ्यासाठी पाटलाच्या ओसरीवर भांडले, अन् मी तिथंच जाऊन उभी राह्यली."

 सरांनी मान वळवता येत नव्हती म्हणून सबंध खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि डावा हात पुढे केला.

"पाह्य मंग," म्हणाले. "हात पाह्य, सुचिता."

सदरा काढून तपासायचं होतं, म्हणून तिने त्यांना आत नेलं आणि दार लोटून घेतलं. यावेळी तिने काही सोडलं नाही. डाव्या हाताची पकड ढिली होती, अंगठ्याजवळच्या दोन बोटांना टाचणी टोचलेली कळत नव्हती. मऊ पट्टा काढून तिने गाडीतून आणलेला कडक पट्टा हनुवटीखाली नीट बसवला, डोकं दोन्ही हातांत धरून त्यांना उठवलं, आणि सर आपल्या पायांनी चालत बाहेर आले. गजेंद्रने गाडी इतकी सावकाश चालवली, की जालन्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा त्यांच्या पुढे गेले.

जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. मानेतली एक गादी सरकून नसेवर बसली होती, आणि मागच्या बाजूला मणक्याला चीर होती. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "या मानेला कोणी झटका दिला असता, तर काय झालं असतं ते मला बोलायचं नाही." ऑपरेशनशिवाय भागेल असंही म्हणाले. जनकाबाईंनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. सर पलंगावर छताकडे पाहत पडले होते, कारण दुसरीकडे पाहायची सोय नव्हती. ते म्हणाले, "सुचिता, घरी जा आता. उद्या तुहे पेशंट येतीन." त्यांनी पेशंट म्हटलं, हे तिने मनात जपून ठेवलं. येताना गाडीत ती लहान पोरीसारखी रडली, आणि रडून झाल्यावर तिला कित्येक महिन्यांत नव्हतं इतकं हलकं वाटलं. उद्या बाक रिकामा असणार, हे धरूनच ती चालली होती. असू दे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला गेली, तर बाक भरला होताच, वर पायऱ्यांवर माणसं बसली होती. काही चेहरे तर पार दुसरबीडकडचे.

आधी तिला कळेचना. मग तिने हिरवा पडदा कड्यांसकट काढून खाली टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून इथं पाय लावणार नाही. ज्यायले व्यायाम करायचा त्यायनंच थांबा."

कोणी हललं नाही. माणसं एकमेकांकडे पाहून गालात हसत होती. पहिला नंबर अंबूबाईचाच होता. ती टेबलाकडे येता येता सुचिताच्या कानाशी लागली, आणि कुजबुजली म्हणावं तर साऱ्या बाकाला ऐकू गेलं.

"आमाले समजते माय. सरइले तू दार लावून पाय लावला, आन् खाटेवरचा माणूस चालत भाईर आला. आमी काय आंधळे हाओ का?"

"मावशी, मी नाही लावला! तुमच्या समोर सांगितलं ना मी, या पायात काही नाही म्हणून?"

"तेच तं!" अंबूबाईने तिच्या गालावरून प्रेमाने हात फिरवला. "सर पडले उभ्या जिंदगीत असं काही न माननारे. त्यायनंच तुले म्हटलं असंन, भाईर असं सांग म्हणून. शेवटी जीवावर आलं की समदेच लावून घेतात. पण चारचौघात नाही म्हटलं, सरइची इज्जत राखली तुनं. लय चांगलं केलं."

बाकावरच्या माणसांनी माना डोलावल्या. "खरं हाये," कोणीतरी म्हणालं. "सरइनं बी लावून घेतला म्हटल्यावर आता बोलाले जागाच नाही राह्यली."

 सुचिताने जितकं नाही म्हणावं, तितके सर लोकांच्या नजरेत खोटे ठरणार होते. कालपर्यंतची लाज निदान तिची एकटीची होती. आज ती सरांच्या नावाला चिकटली होती, आणि मानेला पट्टा बांधून जालन्यात पडलेल्या त्या माणसाला याची खबरही नव्हती. अंबूबाई उघड्या टेबलावर पालथी पडली, पदर बाजूला केला आणि वाट पाहू लागली. सुचिता दोन्ही पाय जमिनीवर रोवून तिथेच उभी राहिली.